दुखापती: बंद

टीव्हीवरच्या त्या खेळात कुणी ओकत नाही. त्या खेळातले एकतीस सामने मी वहीत नोंदवले आहेत, म्हणून खात्रीने सांगतो. एकतीस सामन्यांत माणसं आपटली, एकमेकांवर कोसळली, गवतात तोंड घासत गेली आणि तीन सेकंदांत उठली. काहींना चार लागले. उठल्यावर एकही माणूस गुडघ्यांवर बसून ओकला नाही. एकानेही "किती झाले?" असं तिसऱ्यांदा विचारलं नाही. माझ्या मुलीने ही दोन्ही कामं केली, आणि ती ज्या पद्धतीने आपटली ती पद्धत मी तिला कागदावर लिहून दिली होती.

मी मालवणला राहतो. बंदरावरून किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांत माणसं मोजून चढवणं हे माझं काम. होडीवर जितका आकडा रंगवलेला आहे तितकीच माणसं. मी "एक जास्त" म्हटलं की एक उतरतो, मग तो कुणाचा जावई असो की कुणाचा साहेब. बावीस वर्षं हे करतो आहे. त्यामुळे माझ्याबद्दल गावात एक वाक्य तयार झालं आहे: "तेंचो आकडो चुकत नाय." लोक ते कौतुकाने म्हणतात, थोडं चिडवतही म्हणतात. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मुलगी अकरावीत. तिच्या कॉलेजातले पीटीचे सर मूळचे फोंडाघाटचे. ते तीन दिवसांच्या रग्बी शिबिराला जाऊन आले आणि येताना दोन लंबगोल चेंडू घेऊन आले. पालकांच्या सभेत त्यांनी सरळ सांगितलं: कबड्डीला जिल्ह्यात टीम खूप, मुलींच्या रग्बीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणजे पुढे जायची संधी इथे जास्त. हा हिशोब मला पटला. मुलगी धावण्यात नेहमी चौथी यायची, आणि चौथीला काही मिळत नाही. रग्बीत मात्र ती पहिल्या आठवड्यापासून चमकली. वजन सत्तेचाळीस किलो, पण समोरची कुठे वळणार हे तिला आधी कळायचं. सात जणींच्या टीममध्ये तिची जागा पक्की झाली.

सराव समुद्रकिनाऱ्यावर व्हायचा, ओहोटीला, कारण तेव्हा वाळू घट्ट असते. टाचेने रेघ ओढून मैदान आखायचं. भरती चढायला लागली की मैदानाची एक बाजू पाच-सहा पावलं आत यायची आणि त्यावरून दोन्ही टीमची भांडणं. गंमत अशी की सर धरून एकानेही रग्बीचा पुरा सामना डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. मोबाइलवरचे तुकडे पाहिलेले, एवढंच.

अशात माझा मेव्हणा रजेवर आला. तो जहाजावर नोकरी करतो, घर मसुऱ्याला. येताना त्याने टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र आणि रग्बीची डिस्क आणली.

"भावजी, आपला चेडू रग्बी खेळता मां? मगे घराकडे पण खेळां दे. शिकतला तरी."

आणि मग रविवारी जेवणं झाली की आम्ही तिघं टीव्हीसमोर. बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "भांडी हंय पडली हत आणि ही तिगां थंय गवतात धावतत." पण तीही दारात उभी राहून बघायची. स्क्रम नावाचा प्रकार असतो, त्यात आठ-आठ माणसं डोकी खाली घालून एकमेकांना रेटतात. यंत्राच्या रिमोटवर दोन दांड्या असतात. स्क्रमला त्या दोन्ही अंगठ्यांनी एकाच क्षणी पुढे सरकवायच्या, एवढंच. बायकोच्या माहेरी रापण ओढायचे. पन्नास माणसांनी जाळं ओढताना खांद्याचं काय होतं ते तिने लहानपणापासून पाहिलेलं. ती भावाला म्हणाली, "अंगठ्यान रापण ओढून दाखव रे माका एक दिस."

मी पहिल्याच रविवारी वही घेऊन बसलो. सवय. खेळात जे जे खोटं वाटलं ते लिहीत गेलो. लंबगोल चेंडू जमिनीवर आपटला की कुठेही उडतो; किनाऱ्यावर मी ते पाहिलं होतं. टीव्हीतला चेंडू ठरलेल्या तीनच प्रकारांनी उडायचा. वाऱ्याचा बाण एकदा दाखवला की पूर्ण सामना तोच. आमच्याकडे दुपारी वारा फिरतो हे शेंबडं पोरही सांगेल. थकवा दाखवणारी हिरवी पट्टी असायची. माणूस पूर्ण मैदान धावला की ती लाल व्हायची आणि दहा सेकंद उभा राहिला की पुन्हा हिरवी. आमच्या मुलींना वाळूत एक धाव मारल्यावर दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून उभं राहावं लागतं. शिवाय त्या खेळात सगळे पुरुष, शंभर किलोच्या वरचे. हे सगळं मी मुलीला दाखवत होतो. "ह्या खोटा. ह्या पण खोटा." ती म्हणायची, "बाबा, तुमी खेळतास की तपासणी करतास?"

म्हणजे मी भोळा नव्हतो. यावर मी जोर देतो, कारण भोळ्या माणसाला माफ करता येतं.

एका गोष्टीवर मात्र मी विश्वास ठेवला. टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडणं. त्याला रिमोटवर दोन बटणं होती. एकाने तुमचा माणूस खाली वाकून पायांना मिठी मारायचा. दुसऱ्याने उभ्यानेच छातीच्या वरच्या भागावर धडक द्यायचा. धडकेवर इंग्रजीत बोलणारा समालोचक खूश व्हायचा, प्रेक्षक आरडाओरडा करायचे. मुलीने विचारलं, यातलं कुठलं चांगलं? मी म्हटलं, मोजूया.

दोन रविवारांत तीनशे टॅकल मोजले. दीडशे खालचे, दीडशे वरचे. खालचे त्र्याण्णव यशस्वी झाले. वरचे एकशे अडतीस. वरच्या टॅकलमध्ये समोरच्याच्या हातून चेंडूही सुटायचा, आणि पंचाने शिट्टी वाजवून शिक्षा दिली ती फक्त दोनदा. दीडशेत दोनदा. मी रेघा मारून नीट तक्ता केला, खाली टीप लिहिली: "वरचा टॅकल अधिक फायदेशीर." मुलीने तो सरांना नेऊन दिला.

संध्याकाळी सरांचा फोन. "काका, तक्ता बघितला. शिबिरात आम्हाला खाली वाका, डोकं बाजूला ठेवा असं शिकवलं होतं. पण ते तीनच दिवसांचं शिबिर, आणि तुम्ही तर तीनशे मोजलेत."

"मोजणी बरोबर आहे, सर."

"तुमची आहे म्हटल्यावर बरोबरच असणार."

त्यांनी तो तक्ता खेळाच्या खोलीच्या दारावर आतून चिकटवला. माहितगार माणसाने शिकवलेली गोष्ट एका बाजूला, आणि बंदरावर डोकी मोजणाऱ्या माणसाने टीव्हीसमोर बसून मारलेल्या रेघा दुसऱ्या बाजूला. आणि सरांनी रेघा निवडल्या. दुसऱ्या कुठल्या गावात हे झालं असतं का, मला माहीत नाही. आमच्याकडे झालं. आणि त्या संध्याकाळी मला अभिमान वाटला. तो आठवला की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पंधरा दिवसांनी नांदगावच्या बाजूची एक टीम सरावाच्या सामन्यासाठी आली. शनिवार सकाळ, पूर्ण ओहोटी, वाळू फरशीसारखी. मी कामावरून दोन तासांची सवलत घेऊन गेलो होतो. दुसऱ्या भागात त्यांची एक उंच मुलगी चेंडू घेऊन थेट आमच्या मुलीवर आली. आमची वाकली नाही. वाकायचं नाही असं तिला शिकवलेलं होतं. ती उभ्यानेच वर गेली, त्या मुलीनेही शेवटच्या क्षणी मान खाली घातली, आणि दोघींची डोकी एकमेकांवर आदळली. किनाऱ्यावर लाटांचा आवाज असतो, तरी तो आवाज मला ऐकू आला. नारळ नारळावर आपटल्यासारखा.

उंच मुलगी कपाळ धरून बसली. आमची आडवी पडली. मी मोजलं. एक, दोन, तीन, चार. चारला ती उठली, वाळू झटकली, जागेवर गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. उठली म्हणजे बरी आहे, असं माझ्या डोक्यात बसलेलं होतं, आणि ते कुठून आलं हे मला आता पुरेपूर माहीत आहे. एकतीस सामने मी तेच बघत होतो. सरांनी लांबून हात करून विचारलं, तिने अंगठा दाखवला. ती आणखी सहा मिनिटं खेळली. त्या सहा मिनिटांत तिच्या डोक्याला पुन्हा काही लागलं नाही. ते कुणाच्या हुशारीने नव्हे.

स्कूटरवर मागे बसल्यावर तिने विचारलं, "बाबा, किती झाले?"

"बारा-सात."

"आपले बारा?"

"आपले बारा."

बाजाराच्या वळणावर पुन्हा, "बाबा, किती झाले?" मी वैतागलो. "बारा-सात सांगलंय मां तुका? लक्ष खंय आसा तुजा?" घरी पोचलो, तिने चप्पल काढली, पायरीवर बसली आणि तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला. उत्तर ऐकायच्या आधी ती ओकली.

बायको धावत आली. तिने मुलीचं कपाळ धरलं, माझ्याकडे वळून बघितलं. "काय झाला?"

"टॅकल करताना डोक्याक लागला. पण लगेच उठला. चार सेकंदात."

"तुमी थंय काय करी होतास? मोजी होतास?"

डॉक्टरांनी तिला वर्षाचे महिने उलटे म्हणायला लावले. ऑगस्टपाशी ती थांबली. मग शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं, तेही तिला जमेना. स्कॅनला पाठवलं. स्कॅन साफ आला आणि मी सुटकेचा श्वास सोडला, तर डॉक्टर म्हणाले, "स्कॅनमध्ये दिसत नाही म्हणजे काही झालं नाही असं समजू नका. मेंदूला हादरा बसलाय. पडल्यावर लगेच बाहेर का नाही काढली?"

"ती उठली होती."

"उठतातच. सुरुवातीचे दिवस पूर्ण आराम. टीव्ही नाही, मोबाइल नाही. तीन आठवडे मैदान नाही, आणि मग मी तपासून सांगेन तसं हळूहळू. हे भरून यायच्या आत दुसरा मार बसला, तर मग माझ्या हातात काही नसेल."

जिल्ह्याच्या टीमची निवड ओरोसला होती. त्या दिवसापासून अकराव्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी रविवार. मुलगी आतल्या खोलीत, खिडकीला चादर लावून. दुपारी मी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून ते यंत्र सुरू केलं. मला खेळायचं नव्हतं. दीडशेत दोन शिट्ट्या हा आकडा मला बोचत होता. डॉक्टर म्हणाले होते की डोक्याच्या दिशेने जाणारा टॅकल खऱ्या रग्बीत मोठा गुन्हा आहे, लगेच बाहेर काढतात. मग दीडशेत दोनच कशा? खेळाच्या सेटिंगची पानं एकेक करून उघडली. चौथ्या पानावर होतं. इंग्रजीत, बारीक अक्षरांत. नियमभंग: कमी. त्याच्या खाली, दुखापती: बंद.

मी ते पान कधी उघडलंच नव्हतं. बावीस वर्षं होडी सोडण्याआधी मी होडीवरचा रंगवलेला आकडा वाचतो, मग माणसं मोजतो. इथे मी फक्त माणसं मोजली होती.

मेव्हण्याला फोन लावला.

"दुखापती बंद कोणी केल्यान?"

"मी. सुरवातीकच. दर दोन मिंटान कोण तरी पडा, मगे तो डॉक्टर धावत येय, पट्टी बांधी. मजाच जाय सगळी."

"आणि शिट्ट्या?"

"त्यो पण कमी करून ठेवलंय. पंच सारखो मधी मधी करी. भावजी, गेम आसा तो."

"माका सांगाक नको?"

"तुमी इचारलास खंय? तुमी आपले वही घेवन बसलास. माका वाटला, तुमचो टाइमपास आसा. तेचो तुमी तक्तो करून कॉलेजात पाठवतलास ह्या माका काय म्हायत?"

मी त्याला नको ते बोललो आणि फोन ठेवला.

मग दोन्ही सेटिंग पूर्ण चालू केली आणि वरचे दीडशे टॅकल पुन्हा मोजले. त्या दुपारी आणि पुढच्या दोन दुपारी, आवाज बंद ठेवून. शिट्ट्या एकसष्ट. पिवळी कार्डं, लाल कार्डं, माणसं मैदानाबाहेर. माझा फायदेशीर टॅकल त्याच खेळात उघडा पडला होता. पण खरा संताप आला तो दुखापतीवर. एक जण धडकेत पडला, उठला नाही, त्याच्या नावापुढे लाल फुली आली आणि खाली ओळ: तीन आठवडे. मला क्षणभर बरं वाटलं. निदान आकडा तरी खरा दिला आहे. मग पुढे जायचं बटण दाबलं. कॅलेंडरची पानं फडफडली. एक आठवडा. पुन्हा दाबलं, दोन. पुन्हा, तीन. फुली गेली, पट्टी हिरवीगार, गडी मैदानात. तीन दाबांत तीन आठवडे. मी घड्याळ लावून बघितलं. अकरा सेकंद लागले.

आतल्या खोलीत एक दिवसही अकरा सेकंदांत जात नव्हता. मिक्सर लागला की तिच्या डोक्यात कळ यायची, म्हणून बायको खोबऱ्याचं वाटप पाट्यावर वाटत होती. उजेड सहन होईना म्हणून दुपारीही चादर. पुस्तक उघडलं की ओळी हलतात म्हणायची. चौथ्या दिवशी तिने विचारलं, "आज कोणतो वार?" आणि मी सांगितल्यावर विश्वास बसेना म्हणून आईला विचारलं. ज्यांनी तो खेळ बनवला त्यांना गवताचं पातं नि पातं दाखवता येतं. घामाचे थेंब दाखवता येतात. चिखल कपड्यावर कुठे लागेल ते दाखवता येतं. चादर लावलेली खोली दाखवायला त्यांना काय झालं? आणि दाखवायची नव्हती तर निदान बंद करायची सोय तरी कशाला दिली? माणूस पडतो आणि त्याला लागत नाही, असं ज्यात ठरवता येतं, त्याला हुबेहूब म्हणून विकता?

आठव्या दिवशी, चुलीवर पेज शिजत असताना, सर आले. हातात निवडीचा फॉर्म. मेव्हणाही मसुऱ्याहून आलेला होता, माझी समजूत काढायला. मुलगी बाहेर येऊन बसली. चार दिवस तिचं डोकं दुखलं नव्हतं आणि चेहऱ्यावर थोडी तकाकी होती.

सर म्हणाले, "तब्येत बरी दिसतेय. पालकांची सही आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. ती नसली तर आमचं कठीण आहे, काका. आमच्यात टॅकल करणारी तीच."

"डॉक्टरांनी तीन आठवडे सांगितलंय."

मेव्हणा म्हणाला, "वळखीचो एक डॉक्टर आसा माझ्या. दाखलो देतलो. एक दिसाचो तर प्रश्न."

"तू गप ऱ्हव. तुज्या सेटिंगान एकदा भागला."

मी सरांकडे वळलो. "दारावरचा माझा कागद काढलात?"

सर घुटमळले. "अजून नाही. सराव चालू आहे, त्यात राहून गेलं."

"म्हणजे बाकीच्या मुली अजून तशाच वर जातात?"

"काका, कागद तुमचाच आहे."

"म्हणून सांगतोय, काढा. मी चुकलो. तुम्हाला शिबिरात बरोबर शिकवलं होतं आणि तुम्ही ते माझ्या रेघांसाठी सोडलंत. तुम्हीही चुकलात." माझा आवाज चढला होता. बायकोने आतल्या दाराकडे बघून हाताने खूण केली की हळू.

तेवढ्यात मुलगी म्हणाली, "सगळे माझ्यावर बोलतत, माका कोणच इचारणा नाय. मी बरा आसंय. बाबा, सही करा."

"करणार नाय."

"तुमका फक्त आकडे कळतत. मगे घेवा माझी परीक्षा. डॉक्टरान घेतल्यान ती. शंभरातून सात. चुकलंय तर नाय जावचंय."

ही तिची अट होती, माझी नव्हे. हिशोबात ती माझी मुलगी आहे. आठवीत असताना हे ती दात घासताना म्हणायची. ती बरोबर म्हणेल याचीच मला भीती वाटली. कारण बरोबर म्हटलं असतं तरी मी सही करणार नव्हतो, आणि मग माझ्याकडे दाखवायला काही उरलं नसतं.

ती म्हणू लागली. "शंभर. त्र्याण्णव. शहाऐंशी." इथपर्यंत भरभर. "अठ्ठ्याहत्तर. एकाहत्तर. चौसष्ट. सत्तावन्न."

मेव्हणा हसला. "बघा, फटाफट."

सर खाली बघत राहिले. त्यांना कळलं होतं. मुलीने माझ्याकडे पाहिलं. "काय?"

"चुकलंस."

"खंय?"

"तू बघ."

तिने पुन्हा सुरू केलं. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, अठ्ठ्याहत्तर. त्याच जागी तीच चूक, आणि तिला ती दिसेना. तिने तिसऱ्यांदा केलं, या वेळी बोटांवर. सत्तावन्नाला येऊन थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "मी कितीनी कमी करी होतंय?"

बायकोने हातातली पळी खाली ठेवली. मुलीचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता. आपल्याच घरात वाट चुकल्यासारखा. तिने सरांच्या हातातला फॉर्म घेतला, त्यावर आधीच पेन्सिलीने लिहिलेलं आपलं नाव बघितलं आणि फॉर्म परत दिला.

"सर, दुसऱ्या कोणाचा नाव घाला."

सर गेले. मेव्हणाही न जेवता गेला. ती आत जाऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. तिने मला आत बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच सांगितलं की मला सरावाला घेऊन चला, खेळायला नव्हे. डॉक्टरांना फोन करून विचारलं. सावलीत अर्धा तास बसायला हरकत नाही म्हणाले. टोपी घालून, काळा चष्मा लावून ती स्कूटरवर बसली. किनाऱ्यावर मुली जोड्या करून टॅकल करत होत्या. दोन जोड्या माझ्यासमोर उभ्यानेच एकमेकींच्या अंगावर गेल्या. सर आम्हाला बघून पुढे आले. कागद त्यांच्या हातात होता, दारावरून फाडताना कोपरे गेलेले.

मी मुलींना सांगायला लागलो. तक्ता चुकला आहे, वरचा टॅकल करायचा नाही. त्यांनी ऐकून घेतलं, पण चेहऱ्यांवर विश्वास दिसेना. एक म्हणाली, "काका, तुमचो आकडो कसो चुकतलो? आमी तर तसोच करून सामनो जिंकलंव." दुसरी म्हणाली, "चेडू पडला म्हणान काका घाबरले." दोघी-तिघी हसल्या.

मग माझी मुलगी सुरूच्या सावलीतून उठून आली. मोठ्याने बोलायची तिला मनाई होती, म्हणून मुली तिच्याभोवती गोळा झाल्या.

"माझ्या बापाशीचो आकडो चुकलो," ती म्हणाली. "टीव्हीत लागणा बंद करून ठेवलेला होता. तेनी बघल्यान नाय, आणि सरांनी पण नाय. मी काल शहाऐंशीतून सात काढूक गेलंय, अठ्ठ्याहत्तर इले. तीनदा. माका कळलापण नाय. तुमका तसा होया तर उभ्यान जावा."

कुणी हसलं नाही. मी तिथेच उभा होतो, तिच्यापासून चार पावलांवर. आजवर वीस-बावीस माणसांसमोर मला कुणी चुकलेला म्हटलं नव्हतं, आणि तिने ते माझ्याकडे न बघताच म्हटलं. सरांनी मुलींना गुडघ्यांवर बसवलं आणि शिबिरात शिकवलं होतं तसं पहिल्यापासून दाखवायला घेतलं: मान ताठ, डोकं बाजूला, खांदा मांडीवर. "आता ह्येतूर किती पडतत, काका?" असं एकीने विचारलं. मी सांगितलं, मला माहीत नाही. सरांना विचार.

अर्धा तास झाल्यावर आम्ही निघालो. रस्त्याला खड्डे होते. मी प्रत्येक खड्ड्यापाशी गाडी जवळजवळ थांबवून मग पुढे नेत होतो. मागून तिचा हात माझ्या खांद्यावर नव्हता. तिने मागची दांडी धरली होती.

"वायच जोरात मारा," ती म्हणाली. "मी काय फुटाचंय नाय."

मी मारली नाही.